जिभेखाली तेल आणि डोक्यावर क्रेन

४ फेब्रुवारी

ही वही वेल्डरदादाने आणून दिली. प्रेमाने वगैरे नाही. आम्ही दोघं एका खोलीत राहतो. दोन पलंग, एक शेगडी, एक खिडकी आणि माझं तोंड. "कावळ्या, तुझं ऐकून ऐकून कान किटले माझे," म्हणाला. "यात बोल. वही जांभई देत नाही."

शाळेने मला सातवीत सोडलं की मी शाळेला, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यामुळे अक्षराबद्दल कुणी काही बोलू नये.

मी क्रेनवाला. उंच क्रेनच्या मानेशी काचेची एक खोपटी असते, तिच्यात दिवसभर एकटा बसतो, म्हणून सगळे कावळा म्हणतात. चार वर्षांत वरून कधी पडलो नाही. पडलो तो शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून, जेवायच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. तेव्हापासून कमरेतून डाव्या पायात वीज जाते. साध्या गोळ्यांनी पोट जाळलं. दुसऱ्या गोळ्यांनी पाय सुजले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला जमिनीवर मांजरासारखा उभा केला, दादा हसून हसून पलंगावरून पडला. त्याला काही झालं नाही. माझंच नशीब असलं.

उद्या मोठ्या दवाखान्यात दुखण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. त्यांच्याकडे म्हणे गांजाचं तेल मिळतं, रीतसर, चिठ्ठीवर. साइटवर ही बातमी माझ्याआधी पोहोचली. मुकादमापासून सगळ्यांनाच अचानक कंबरदुखी सुरू झाली आहे.

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई मला 'तुम्ही' म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

मला वाटलं होतं, दुखतंय म्हणायचं आणि बाटली घ्यायची. बाईंनी तासभर खणून काढलं. वय? पंचवीस संपलं. "बरं झालं. याहून लहान असता तर मी हे दिलंच नसतं. कोवळ्या डोक्याला हे औषध मानवत नाही." हृदयाचं काही? रक्त पातळ करायच्या गोळ्या? दारू? दारू कधीमधी म्हटलं. "तेल चालू असताना कधीही नाही आणि मधीही नाही."

मग कामाचं विचारलं. क्रेन म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तेल घेणार असाल तर क्रेन बंद. गाडी बंद. माल अडकवणं, खुणा करणं, जिथे तुमच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाईल ते सगळं बंद. कंपनीला मी तसं लिहून देते. पटतंय का?"

पाय असा ठणकत होता की मी त्यांना क्रेनसुद्धा देऊन टाकली असती.

शेवटी विचारलं, "घरात कुणाला मनाचा आजार? भास होणं, कानात आवाज येणं, विनाकारण संशय? आईकडून, वडिलांकडून, कुणालाही?"

मी म्हटलं, "छे हो बाई. आमच्याकडे सगळे ठणठणीत. वडील वारले ते छातीने. आई माझ्यापेक्षा जोरात चालते. काका तर मोठ्या कामावर आहे, दूर. मी त्याच्यावर गेलोय असं सगळे म्हणतात."

"छान," म्हणाल्या. "पण हा प्रश्न महत्त्वाचा आहे हं. असं काही असेल तर हे औषध त्या माणसासाठी नाहीच." मी छाती काढून सांगितलं, आमच्या घराण्यात तसलं काही नाही.

७ फेब्रुवारी

बाटली मिळाली. अंगठ्याएवढी. वास वाळलेल्या गवताचा. सोबत बिनसुईची पिचकारी. रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर खालच्या पहिल्या खुणेपर्यंत भरायचं, जिभेखाली धरायचं, मग गिळायचं. आठवड्याने थोडं वाढवायचं, तेही बाईंना फोन करून. कुलपात ठेवायचं, कुणाला द्यायचं नाही. संशय यायला लागला, भास झाले, छाती धडधडली तर बंद करून लगेच फोन.

मुकादमाने मला सामानखोलीत बसवलं. हातमोजे देणं, टोप्या मोजून घेणं. कावळ्याची कोंबडी झाली. क्रेनवर दुसरा माणूस आलाय, चांगला आहे म्हणतात. असेल. क्रेन वळवताना म्हशीसारखी वळवतो एवढंच.

१० फेब्रुवारी

काल मूर्खपणा केला. तेल घेतलं, पुष्कळ वेळ वाट पाहिली, काहीच नाही. पाय ठणकतोच आहे. म्हटलं, बाईंनी मला लहान पोर समजून पाणीच दिलेलं दिसतं. परत तेवढंच घेतलं. मग दोन्ही एकदम आले. जमीन ओल्या पिठासारखी मऊ झाली. किटलीला शिटी नाही याचं मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दादाने मला भिंतीला टेकवून बसवलं आणि अंगावर चादर टाकली. "रड," म्हणाला. "किटली ऐकतेय."

आज बाईंना फोन करून सांगितलं. चांगलं झापलं. हे औषध पोटातून हळू चढतं, लागलं नाही म्हणून वर घ्यायचं नसतं. सॉरी म्हटलं. किटलीबद्दल बोललो नाही.

२० फेब्रुवारी

खरं सांगायचं तर औषध चांगलं आहे. विचारून एक खूण वाढवली. पायातली वीज अजून आहे, पण जणू शेजारच्या घरात आहे. रात्रभर झोपतो. आईला फोनवर म्हटलं, "झोप लागते गं आता." ती रडायलाच लागली. तेलाचं नाव काढलं नाही, नाहीतर ती म्हणायची पोरगा गंजेडी झाला. नुसतं 'नवीन औषध' म्हटलं.

दादाचा खांदा धरलाय. "एक थेंब दे की रे," म्हणाला. मी बाईंच्या आवाजात म्हटलं, "तुमची तपासणी झाली आहे का?" त्याने उशी फेकून मारली.

२६ फेब्रुवारी

एक गंमत. कान तल्लख झालेत. सामानखोलीत बसून मला बाहेरचं सगळं ऐकू येतं. क्रेनची दोरी कुरकुरते ते, जिन्यावरचं बोलणं, कोण माझं नाव घेतं ते. आज दोनदा घेतलं. बाहेर जाऊन पाहिलं तर कुणी नाही. चपळ आहेत लेकाचे.

हे आमच्या रक्तातच असणार. काकाचे कान असेच होते. मी शाळेत असताना तो आमच्या मागच्या खोलीत राहायचा. भिंतीला कान लावून बसायचा आणि मला सांगायचा, पलीकडचे काय बोलतात ते. पलीकडे तर नुसतं शेत होतं! म्हणजे विचार करा केवढ्या लांबचं ऐकू येत असेल. आणि माझ्यावर जीव किती! दूध आलं की आधी मला पाजायचा, मग माझ्याकडे बघत बसायचा, बऱ्याच वेळाने स्वतः प्यायचा. असे लाड आता कोण करतं. मग एके दिवशी त्याला न्यायला गाडी आली. आई म्हणाली, काकाला दूर मोठं काम मिळालं. एवढी मोठी गाडी न्यायला येते म्हटल्यावर मी तेव्हाच ठरवलं, आपणही असंच लांब जायचं. मला न्यायला गाडी आली नाही. बसचं तिकीट मीच काढलं.

२ मार्च

खोलीत चोर आहे. नाव लिहीत नाही, खोलीत आम्ही दोघंच आहोत.

बाटली हलकी वाटत होती. म्हणून काल जेवल्यावर तेल जिथवर होतं तिथे पेनाने रेघ मारली. मग रोजच्यासारखं औषध घेतलं, कुलूप लावलं, झोपलो. आज पाहतो तर तेल रेघेच्या खाली! कुलूप जसंच्या तसं. म्हणजे चावी बनवून घेतली आहे. वेल्डिंगवाल्याला चावी बनवायला कितीसा वेळ लागतो.

मी काही बोललो नाही. नुसतं बघितलं. तो म्हणाला, "काय बघतोस?" गुन्हेगार असंच विचारतात.

६ मार्च

सगळा डाव लक्षात आला. नवा क्रेनवाला, सिग्नलवाला आणि मुकादम एक आहेत. सिग्नलवाला म्हणजे खाली उभा राहून हातांनी खुणा करतो तो. वर बसलेल्याला फक्त त्याचे हात दिसतात. चार वर्षं मी ते हात वाचलेत, माझ्यापासून काय लपणार? मूठ वर म्हणजे उचल, बोट खाली म्हणजे सोड. पण आता मधेच तो कानाला हात लावतो. ती खूण कोणत्याच कामाची नाही. ती माझी आहे. 'तो ऐकतोय' म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, संशय यायला लागला तर लगेच फोन करा. पण मला संशय नाहीये. मला खात्री आहे. खात्रीसाठी कोण फोन करतं?

चहा दादाच करतो. हल्ली मी आधी त्याला पाजतो. म्हटलं, मोठ्याचा मान आधी. तो खूश झाला. काकाची पद्धत चांगली होती.

१० मार्च

आमच्याकडे नियम आहे. 'थांब'ची खूण कुणीही केली, अगदी झाडूवाल्याने केली, तरी क्रेन थांबवायचीच. दोन्ही हात आडवे पसरायचे. थांबवल्याबद्दल कुणाला शिव्या घालायच्या नाहीत, कारण दहा वेळा उगीच थांबलेलं चालतं.

आज मी दोनदा थांबवली. पहिल्यांदा क्रेनचा आकडा तिरका दिसला. उतरवून पाहिला, सरळ निघाला. माझ्या पाहण्याआधीच सरळ केला असणार. दुसऱ्यांदा दोरी तुटायचा आवाज आला. दोरी शाबूत. मुकादम जवळ आला आणि गोड आवाजात म्हणाला, "कावळ्या, बरं वाटत नाहीये का तुला?"

बघा. शिवी दिली नाही. मुकादमाने शिवी दिली नाही म्हणजे काहीतरी शिजतंय.

११ मार्च

आज लिहीत नाही. ही वही कोण वाचतं ते आधी बघायचं आहे.

१५ मार्च

आता लिहितो. अक्षर समजून घ्यावं. कुणी, ते माहीत नाही.

बाराला सकाळी स्लॅब भरायचं काम होतं. क्रेनला ओल्या काँक्रीटची बादली, माणूस उभा राहील एवढी. मी सामानखोलीच्या दारात होतो. बादली वर चालली होती आणि मला दादाचा आवाज आला, कानाशी, अगदी स्पष्ट: "आता सोड." बादलीखाली पोरं लोखंड बांधत होती. मला वाटलं, त्यांच्यावर सोडतायत. तिथे मी एकटाच शहाणा होतो ना! दोन्ही हात पसरून ओरडत बादलीच्या बरोब्बर खाली धावलो.

नव्या माणसाने नियमाप्रमाणे क्रेन जागच्या जागी थांबवली. बादली एवढी जड, तिला एकदम थांबवलं की ती झुलते. चार वर्षं मी हेच दुसऱ्यांना शिकवत आलोय. ती झुलली आणि परातीतले दाणे उडावेत तशी सगळी पोरं पळाली. मी उभाच. मला वाटलं, मी तिला हातांनी थोपवून धरलंय.

पाठीत धक्का बसला. मी तोंडावर पडलो. बादली मागच्या लोखंडी पाइपांवर आपटली, पाइप सुटले. दादा माझ्या मागे पडला होता, एक पाइप त्याच्या मनगटावर. तो वरच्या मजल्यावर जोड मारत होता. तिथून जिना उतरून माझ्यापर्यंत कसा पोहोचला देव जाणे. एवढ्या लांबून तो माझ्या कानाशी बोलेल कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज पडला.

उजवं मनगट. वेल्डरचं. मोडलंय.

प्लास्टर घालून आम्ही खोलीवर आलो. मी म्हटलं, "तू आवाज का दिलास?" त्याने डाव्या हाताने माझा फोन उचलला आणि माझ्या आईला लावला. "मावशी, मी याच्या खोलीतला. पोरगा कुणाशी तरी बोलतो, तिथे कुणी नसतं. मला आधी चहा प्यायला लावतो." मग फोन माझ्या कानाला धरला.

आई म्हणाली, "तू पण आधी दुसऱ्याला पाजतोस?"

मी म्हटलं, "काकासारखं."

ती म्हणाली, "बाळा, काका कामावर नाहीये रे."

त्याला कुणीतरी विष घालेल असं वाटायचं. म्हणून दूध आधी मला पाजायचा. आईने एकदा ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात गाडी आली. गाडी मनाच्या दवाखान्याची होती. तो अजून तिथेच आहे. आई दर महिन्याला बहिणीकडे जाते म्हणून जाते, ती त्याच्याकडे जाते. "तू लहान होतास, घाबरशील म्हणून तसं सांगितलं," म्हणाली. "मग तू त्याचं नाव घेत घेत मोठा झालास. कुठल्या तोंडाने सांगू?"

म्हणजे आयुष्यभर ज्याला आदर्श मानून मी घर सोडलं तो माणूस घरापासून दोन तासांवर होता.

१६ मार्च

दादा माझ्यासोबत दवाखान्यात आला. एका हाताने माझी बाही धरून, पोलीस चोराला नेतो तसा. बाईंनी आईला फोनवर घेतलं. आईने सगळं सांगितलं. बाई आईवर रागावतील असं मला वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "आता सांगितलंत, बरं केलंत." मग माझ्याकडे वळल्या. "हे औषध आजपासून बंद. आणि पुढे कधीही, कुणाकडूनही नाही. तुमच्यासाठी हे नाही."

बाटली परत घेतली. मी रेघ दाखवली, पुरावा म्हणून. बाईंनी विचारलं, "रेघ मारल्यावर त्या दिवशी औषध घेतलं होतं ना तुम्ही?"

दादा आधी हसला नाही. मग हसला. मग प्लास्टरचा हात पोटाशी धरून असा हसला की बाहेरची नर्स आत आली.

मला त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. ते म्हणाले, बहुतेक हे तेलानेच उठवलंय, बसेल. पण पक्कं आत्ताच सांगता येत नाही, बघत राहावं लागेल. एक गोळी दिली. क्रेनचं विचारलं. "आत्ता नाही," म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

२९ मार्च

पाय ठणकतोय. शेजारच्या घरातली वीज परत आमच्याकडे राहायला आली आहे. मांजरासारखं उभं राहायचे व्यायाम सुरू.

आवाज कमी झालेत. काल सिग्नलवाल्याने परत कानाला हात लावला. मग मी सरळ जाऊन विचारलं, "ही कसली खूण?"

"कान फुटलाय," म्हणाला. "पू येतोय. बघायचाय?"

बघायला लागला. माझी शिक्षा.

दादाची भांडी मी घासतो, बटणं मी लावतो. त्याचं काम बंद आहे. प्लास्टर निघाल्यावर हात तसाच सरळ चालेल का, ते कळेल. त्याबद्दल तो विनोद करत नाही, म्हणून मीही करत नाही. बाकी सगळ्यावर करतो. आज त्याला भरवताना म्हटलं, "आधी मी खाऊ का?" तो म्हणाला, "चमचा नाकात घालीन."

१२ एप्रिल

आज आई दवाखान्यातून बोलली, काकाच्या शेजारी बसून. मला म्हणाली, "बोलतोस का?" हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काय बोलावं सुचेना. दादा म्हणाला, हे ऐकायला मी आयुष्यभर थांबलो असतो.

काकाचा आवाज बारीक झालाय. नावाने हाक मारली नाही. "छोट्या," म्हणाला, "तू पण बरीच वर्षं झाली ना, तिकडे?"

"चार वर्षं झाली, काका."

"चार. जेवायला बरं देतात?"

"आम्हीच करतो. म्हणजे आता मी करतो. वाईट होतं."

"खोलीत किती जण?"

"दोघं."

"दुसरा त्रास देतो का?"

मी दादाकडे पाहिलं. तो डाव्या हाताने सफरचंद सोलायचा प्रयत्न करत होता, अर्धं सफरचंद सालीबरोबर जात होतं. "नाही," म्हटलं. "चांगला आहे."

"गोळ्या थुंकायच्या नाहीत. त्यांना कळतं. खिडकी आहे?"

"आहे."

"गज आहेत?"

"गज नाहीत, काका."

मागे आईचा हुंदका ऐकू आला, ती का रडत होती ते मला कळलं नाही. तिनेच तर त्याला सांगितलं असणार ना, मी लांब असतो म्हणून. मग काकाने अगदी हळू, कुणी ऐकणार नाही अशा बेताने विचारलं, "आणि दाराची कडी? कडी आतून आहे की बाहेरून?"

मी उठून दारापर्यंत गेलो. माहीत होतं तरी एकदा नीट बघितलं.

"आतून आहे," म्हटलं.

"आतून," काका म्हणाला, आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की फोनमध्ये वारा आल्यासारखं वाटलं. "मग चांगल्या ठिकाणी ठेवलंय तुला. मी उगीच इतकी वर्षं काळजी करत होतो."